‘कुष्ठ’, ‘लेप्रा’ आणि ‘सोरायसिस’ : एका त्वचारोगाच्या साध्यासाध्यविचाराचा इतिहास

१

‘मला काय झाले आहे?’ आणि ‘पुढे माझे काय होणार?’ हे रोग्याचे दोन आद्य प्रश्न होत. पहिल्याचे उत्तर म्हणजे निदान, दुसऱ्याचे उत्तर म्हणजे साध्यासाध्यविचार. वैद्यकाच्या इतिहासात या दोहोंचा संबंध वरवर पाहता सरळ दिसतो : आधी निदान, मग त्यावरून भाकीत. तथापि निदान हे अखेर एका शब्दाच्या रूपाने उच्चारले जाते, आणि शब्दाला त्याचा स्वतःचा इतिहास असतो. त्या शब्दाबरोबर पूर्वी जोडले गेलेले अर्थ, भये व विधिनिषेध रोग्याच्या वाट्याला येतात. मग त्याच्या शरीरात तो रोग असो वा नसो. आज ‘सोरायसिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाहजन्य त्वचाविकाराचा इतिहास हे या गोष्टीचे अत्यंत बोलके उदाहरण आहे.

या विकाराचे स्वरूप थोडक्यात असे. त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी पृष्ठभागावर येऊन गळून पडण्यास एरवी सुमारे चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये शरीराच्या संरक्षक यंत्रणेत बिघाड होऊन दाह निर्माण होतो आणि हाच प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकतो. परिणामी कोपरे, गुडघे, डोक्याची त्वचा, कंबर अशा ठिकाणी लालसर, जाड, सीमारेषा स्पष्ट असलेले चट्टे उठतात आणि त्यांवर रुपेरी खवले साचतात. हा विकार संसर्गजन्य नाही. तो आनुवंशिक प्रवृत्तीतून उद्भवतो आणि घशाचा जंतुदोष, त्वचेला झालेली इजा, मानसिक ताण किंवा काही औषधे यांच्या निमित्ताने प्रकट होतो वा बळावतो. तो ओसरतो, पुन्हा येतो, पुन्हा ओसरतो. हे जाणे-येणेच त्याच्या भवितव्यासंबंधीच्या सर्व वादांचे मूळ आहे. जो रोग निघून गेल्यासारखा दिसतो आणि परत येतो, त्याला बरा होणारा म्हणावयाचे की न होणारा?

२

भारतीय परंपरेकडे प्रथम वळणे इष्ट होईल. येथे ध्यानात घेण्याजोगी पहिली गोष्ट ही की, ‘कुष्ठ’ हा शब्द अथर्ववेदात रोगाचे नाव म्हणून नव्हे, तर औषधी वनस्पतीचे नाव म्हणून येतो. ‘तक्मन्’ नावाच्या ज्वराला पळवून लावणारी वनस्पती म्हणून तेथे कुष्ठाची स्तुती केलेली आहे. त्वचेवरील डागांसाठी त्याच वेदात ‘किलास’ हा निराळा शब्द योजिला आहे. पुढे संहिताकाळात ‘कुष्ठ’ हे त्वचाविकारांच्या एका विस्तीर्ण वर्गाचे नाव झाले. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून त्यांपैकी सात ‘महाकुष्ठे’ व अकरा ‘क्षुद्रकुष्ठे’ होत. या अठरांत ज्याला आज महारोग म्हणतात त्याची लक्षणे आहेत, गजकर्णाची आहेत, खरजेची आहेत आणि इसबाचीही आहेत.

सोरायसिसशी जुळणारी वर्णनेही याच यादीत सापडतात. ‘एककुष्ठ’ या क्षुद्रकुष्ठाविषयी चरकाने तीन गोष्टी नोंदविल्या आहेत : त्या जागी घाम येत नाही, ते मोठी जागा व्यापते आणि ते माशाच्या खवल्यांसारखे दिसते. ‘किटिभ’ हे काळसर व स्पर्शाला खरखरीत असते; ‘सिध्म’ घासले असता त्यातून भुकटी झडते. आधुनिक अभ्यासक सोरायसिसची तुलना कधी एककुष्ठाशी, कधी किटिभाशी, तर कधी सिध्माशी करतात. यांपैकी कोणतेही एक समीकरण पूर्ण जमत नाही, आणि ते जमावे अशी अपेक्षाही नसावी. चरकाचे वर्गीकरण दोष व लक्षणे यांवर उभे आहे. आधुनिक वर्गीकरण पेशींची रचना व कारणपरंपरा यांवर. दोन निरनिराळ्या मापांनी मोजलेल्या शेतांच्या हद्दी एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, तसाच हा प्रकार आहे.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते संहितांचे साध्यासाध्यविवेचन. रोग ‘साध्य’ वा ‘असाध्य’ एवढे दोनच पर्याय प्राचीन वैद्यांनी मानले नाहीत. साध्यात त्यांनी ‘सुखसाध्य’ व ‘कृच्छ्रसाध्य’ असा भेद केला आणि असाध्याच्या अलीकडे ‘याप्य’ नावाची एक कोटी मानली. याप्य म्हणजे जो समूळ जात नाही, परंतु पथ्य व उपचार चालू आहेत तोवर आवरून धरता येतो असा रोग. सुश्रुताने त्यासाठी दिलेली उपमा घराची आहे : पडावयास आलेले घर नीट लावलेल्या टेकूंनी जसे उभे राहते, तसा याप्य रोगाचा रोगी योग्य उपचारांनी तग धरतो. उपचार थांबले की टेकू निघाला.

असा सूक्ष्म विचार उपलब्ध असूनही कुष्ठाच्या रोग्याला तो फारसा उपयोगी पडला नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठाची गणना संसर्गाने पसरणाऱ्या रोगांत केलेली आहे. तेथेच ब्रह्महत्या, स्त्रीहत्या, सज्जनांचा वध, परधनाचा अपहार अशा पातकांशी त्याचा संबंध जोडला असून, या रोगाने मेलेल्याला पुढच्या जन्मीही तो गाठतो असे सांगितले आहे. अठरा प्रकारांपैकी नेमका कोणता प्रकार सांसर्गिक, याचा विवेक वैद्याच्या ग्रंथात कदाचित राहिला असेल. लोकव्यवहारात तो राहिला नाही. शब्द एक, म्हणून भय एक. धर्मशास्त्राने काही प्रकारच्या कुष्ठाच्या रोग्याला दायभागातूनही वगळले होते. ब्रिटिश अमलातील न्यायालयांसमोर हा प्रश्न वारंवार आला आणि अखेर १९२८ च्या अधिनियमाने हिंदू वारसाहक्काच्या अशा अपात्रता दूर करण्यात आल्या.

देशी भाषांत या शब्दाचे पुढे काय झाले हेही पाहण्याजोगे आहे. संस्कृत ‘कुष्ठ’पासून प्राकृताच्या द्वारे हिंदीत ‘कोढ़’ आणि मराठीत ‘कोड’ आले. परंतु हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे महारोग, तर आजच्या मराठीत ‘कोड’ म्हणजे त्वचेवरील पांढरे डाग. ज्यात ना संसर्ग आहे, ना हातापायांची बोटे झडतात. मूळ रोगासाठी मराठीने ‘महारोग’ व ‘रक्तपिती’ हे निराळे शब्द वापरले. एकाच शब्दाची दोन अपत्ये शेजारच्या दोन भाषांत दोन भिन्न रोगांची नावे व्हावीत, आणि तरी अंगावर कोड असलेल्या मुलीचे लग्न जमताना मराठी घरातही महारोगाचेच भय आडवे यावे, यावरून शब्दाचा अर्थ बदलला तरी त्याची छाया किती काळ टिकते हे लक्षात येते.

३

पश्चिमेकडील इतिहास याहून निराळा नाही. ग्रीक भाषेत खवल्यांच्या त्वचाविकारांसाठी दोन शब्द होते. ‘प्सोरा’ म्हणजे खाज, आणि ‘लेप्रा’ म्हणजे सालपटे निघणारा विकार. सोलणे या अर्थाच्या धातूपासून तो बनला आहे. हिप्पोक्रेटसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथांत ‘लेप्रा’ हा भयंकर रोग नाही. तो खवल्यांचा, उपचाराने जाणारा विकार आहे. खऱ्या महारोगाला पुढील ग्रीक वैद्य ‘एलेफँटियासिस’ म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक केल्सस याने ‘इंपेटिगो’ या शीर्षकाखाली केलेल्या एका वर्णनात आजच्या सोरायसिसची लक्षणे ओळखता येतात. ‘सोरायसिस’ हा शब्द दुसऱ्या शतकात गॅलेनने वापरला खरा, पण तो पापण्या, डोळ्यांचे कोपरे व वृषण यांवरील खाजऱ्या, सालपटे निघणाऱ्या विकारासाठी. तो विकार बहुधा इसबाचा प्रकार असावा. अर्थात नाव एका रोगाचे होते आणि रोगाला दुसरेच नाव होते.

निर्णायक घटना घडली ती वैद्यकात नव्हे, भाषांतरात. हिब्रू बायबलातील लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात ‘त्साराअत’ नावाच्या अवस्थेचे नियम आहेत. याजकाने डाग तपासावा, संशय असल्यास माणसाला सात दिवस वेगळे ठेवावे, आणि अशुद्धी ठरली तर त्याने कपडे फाडून, वस्तीबाहेर राहून, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत जावे, असे ते नियम सांगतात. ही त्साराअत माणसाच्या कातडीवर येते, तशीच ती कापडावर व घराच्या भिंतीवरही येते. ती विशिष्ट रोगाची संज्ञा नसून विधिविषयक अशुद्धीची संज्ञा होती, हे एवढ्यावरून स्पष्ट होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या परिसरात बायबलाचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा भाषांतरकारांनी या शब्दासाठी ‘लेप्रा’ हा पर्याय निवडला. त्यांच्या काळापुरता तो वावगा नव्हता. खवल्यांच्या विकारांना ते नाव रूढच होते. परंतु त्यामुळे एका साध्या वैद्यकीय शब्दावर वस्तीबाहेर घालविण्याच्या विधीचे ओझे चढले. चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाली जेरोमने केलेल्या लॅटिन भाषांतरात तो शब्द तसाच राहिला.

दुसरी भर अकराव्या शतकात पडली. अरबी वैद्यक खऱ्या महारोगाला ‘जुझाम’ म्हणत असे. अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणणाऱ्या आफ्रिकी कॉन्स्टंटाइनने त्यासाठीही ‘लेप्रा’ हाच शब्द योजिला. अशा रीतीने ग्रीकांचा खवल्यांचा विकार, हिब्रू परंपरेतील अशुद्धी आणि अरबांचा जुझाम ही तिन्ही एका शब्दात एकवटली. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने अशा रोग्यांसाठी स्वतंत्र प्रार्थनास्थळे व स्वतंत्र दफनभूमी यांची तरतूद केली. तोवर युरोपभर त्यांच्यासाठी वेगळी वसतिस्थाने उभी राहिली होती.

सोरायसिसचे किती रोगी या वसतिस्थानांत गेले असतील? या प्रश्नावर अतिशयोक्तीने बोलण्याची प्रथा पडली आहे. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास डेन्मार्कमध्ये नेस्टवेड येथील अशा एका वसतिस्थानाच्या दफनभूमीत मोलर-क्रिस्टेनसेन यांनी केलेले उत्खनन विचारात घेणे अगत्याचे आहे. तेथील बहुसंख्य सांगाड्यांवर महारोगाच्या निश्चित खुणा आढळल्या. म्हणजे मध्ययुगीन परीक्षक आपण समजतो तितके अडाणी नव्हते. निदान त्या जागी तरी त्यांनी बव्हंशी योग्य माणसांनाच आत घेतले होते. परंतु या पुराव्याची मर्यादाही स्पष्ट आहे. त्वचेवरचे चट्टे हाडांवर उमटत नाहीत. शिवाय वसतिस्थानात न जाताही शब्दाने माणसाला गावात एकटे पाडता येते, आणि त्याची नोंद कोणत्याही दफनभूमीत सापडत नाही.

४

या गुंत्याची उकल एकोणिसाव्या शतकात झाली, तीही दोन टप्प्यांत. लंडनचे रॉबर्ट विलन यांनी त्वचेवरील विकृतीच्या दृश्य रूपावरून वर्गीकरण करण्याची पद्धत घालून दिली. १८०८ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या ग्रंथखंडात सोरायसिसचे रेखीव वर्णन आहे. परंतु नावांच्या बाबतीत ते परंपरेतच अडकले. गोल चट्ट्यांच्या प्रकाराला त्यांनी ‘ग्रीकांचा लेप्रा’ म्हटले आणि वेड्यावाकड्या चट्ट्यांना ‘सोरायसिस’. एकाच रोगाच्या दोन रूपांना दोन नावे मिळाली, आणि त्यांतील एक नाव महारोगाचेही होते.

दुसरा टप्पा व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांचा. १८४१ मध्ये त्यांनी ही दोन्ही रूपे एकाच विकाराची असल्याचे मांडले आणि त्या विकाराच्या नावातून ‘लेप्रा’ हा शब्द काढून टाकला. रोग नवा सापडला नव्हता. औषधही नवे सापडले नव्हते. केवळ एक शब्द गाळला गेला. परंतु त्या गाळण्याने रोग्याच्या भवितव्याचे विधान बदलले. ‘लेप्रा’ असलेल्या माणसाला पुढे विद्रूपता, हातापायांची झीज आणि समाजातून हकालपट्टी यांची वाट पाहावी लागत असे. ‘सोरायसिस’ असलेल्या माणसाला आता असे सांगता येऊ लागले की, हा विकार कदाचित जन्मभर राहील. पण तो दुसऱ्याला होणार नाही आणि त्याने बोटे झडणार नाहीत.

जुने नाव लगेच मेले नाही. इंग्लंडमध्ये पुढील काही दशके ते अधूनमधून वापरात राहिले. १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे आर्मौअर हान्सेन यांनी महारोगाचे जंतू दाखविले, तेव्हा मात्र त्या रोगाला स्वतःचे असे कारण मिळाले आणि दोन्ही रोगांची फारकत कायम झाली. विरोधाभास असा की, शेवटी जे नाव उरले तेही अन्वर्थक नाही. ‘सोरायसिस’चा धात्वर्थ खाज, परंतु खाज हे या विकाराचे व्यवच्छेदक लक्षण नव्हे.

५

नाव सुटे झाल्यावर उपचारांचा स्वतंत्र विचार शक्य झाला. या विचारातील एक महत्त्वाचा धागा मुंबई व गोवा यांतून गेला आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष औत्सुक्याची वाटेल. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या व गोव्याच्या बाजारात गजकर्णावर एक पिवळट भुकटी विकली जात असे. तिला ‘गोवा पावडर’ म्हणत. १८६४ मध्ये मुंबईतील औषधव्यवसायी डी. एस. केम्प यांनी तिच्याकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. तिचे मूळ मात्र गूढ होते. पुढे १८७४-७५ च्या सुमारास ब्राझीलमधील बाहिया येथील डॉ. दा सिल्वा लिमा यांनी उलगडा केला की, ही भुकटी त्यांच्या प्रदेशातील ‘अरारोबा’ वृक्षाच्या खोडातून मिळते. पोर्तुगीज जहाजांनी ती ब्राझीलमधून गोव्यात आणली आणि ती ज्या बंदरातून पुढे गेली त्या प्रदेशाचे नाव तिला मिळाले. पदार्थाचे नाव त्याच्या जन्मस्थानावरून न पडता व्यापाराच्या थांब्यावरून पडावे, याची भाषेत अनेक उदाहरणे आहेत. हे त्यांतलेच एक.

लंडनमध्ये एका रोग्याने आपल्या अंगावरील चट्टे गजकर्णाचे समजून ही भुकटी लावली. चट्टे निवळले; पण ते गजकर्ण नव्हते, सोरायसिस होता. त्याचे चिकित्सक बाल्मॅनो स्क्वायर यांनी हे पाहून १८७६ पासून या उपचाराचा पुरस्कार केला आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञांनी भुकटीतील मुख्य द्रव्य ओळखून त्यास ‘क्रायसारोबिन’ हे नाव दिले. पहिल्या महायुद्धात ब्राझीलहून जर्मनीकडे येणारा पुरवठा तुटला, तेव्हा कृत्रिम पर्यायाचा शोध सुरू झाला आणि १९१६ मध्ये गालेव्हस्की व उन्ना यांनी ‘डिथ्रानॉल’ वापरात आणले. १९५३ मध्ये लीड्सच्या जॉन इंग्रॅम यांनी डांबरयुक्त स्नान, अतिनील किरण व डिथ्रानॉलचा लेप यांची जी पद्धती सांगितली, तिचा परिपाठ पुढे कित्येक वर्षे चालला. चुकीच्या निदानावर लावलेले औषध दुसऱ्या रोगावर लागू पडले आणि त्याचा वंश पाऊण शतकाहून अधिक काळ टिकला.

सर्वच उपचार इतके निरुपद्रवी नव्हते. थॉमस फाउलर यांनी १७८६ मध्ये प्रचारात आणलेला सोमलाचा द्राव एकोणिसाव्या शतकात सोरायसिसवर सर्रास दिला जाई. चट्टे कमी होत; परंतु दीर्घकाळ सोमल घेतलेल्या रोग्यांत त्वचेचा कर्करोग उद्भवतो, हे १८८७ मध्ये जोनाथन हचिन्सन यांनी निदर्शनास आणले. येथे भवितव्याच्या विचाराला एक नवे परिमाण मिळाले. दीर्घकालीन रोगात रोगाचाच नव्हे, तर उपचाराचाही पुढील तीस वर्षांचा हिशेब मांडावा लागतो.

६

हा हिशेब विसाव्या शतकात अधिक काटेकोरपणे मांडला गेला. १९५१ मध्ये गुब्नर यांना अमिनोप्टेरिन या द्रव्याचा सोरायसिसवरील गुण दिसला आणि १९५८ मध्ये एडमंडसन व गाय यांनी त्याच वर्गातील मेथोट्रेक्सेटचा वापर नोंदविला. हे औषध आजही वापरले जाते, पण यकृतावर व रक्तावर नजर ठेवूनच.

याच सुमाराचा दुसरा उपचार भाषेच्या अभ्यासकाने विशेष पाहावा असा आहे. बावची किंवा ‘बाकुची’ ही वनस्पती आयुर्वेदात श्वित्रावर, म्हणजे पांढऱ्या डागांवर, प्राचीन काळापासून वापरली जाते. लिनियसने तिच्या प्रजातीला ‘सोरालिया’ हे नाव दिले, कारण या वनस्पतींवरील ग्रंथींचे ठिपके त्याला खरजेच्या खपल्यांसारखे वाटले. नावाचा उगम त्याच ग्रीक ‘प्सोरा’त आहे. १९३३ मध्ये जोइस, मंजुनाथ व त्यांचे सहकारी यांनी बावचीच्या बियांतून जे द्रव्य वेगळे केले ते ‘सोरालेन’. १९७४ मध्ये अमेरिकेतील पॅरिश, फिट्झपॅट्रिक प्रभृतींनी सोरालेन वर्गातील औषध पोटात देऊन वर दीर्घतरंगी अतिनील किरणांचा मारा करण्याची पद्धती सोरायसिससाठी जाहीर केली. प्रत्यक्षात वापरलेले द्रव्य इजिप्तमधील एका वनस्पतीत सापडणारे होते, पण कुळाचे नाव बावचीचेच राहिले. अशा प्रकारे ‘प्सोरा’ हा एकच शब्द दोन वाटांनी प्रवास करून रोगाच्या नावात आणि औषधाच्या नावात पुन्हा एकत्र आला.

या उपचारानंतर त्याच्या परिणामांचा पाठपुरावा केला गेला, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. अमेरिकेतील सोळा केंद्रांतील १,३८० रोग्यांची दीर्घकाळ तपासणी ठेवण्यात आली. रॉबर्ट स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. सोमलाचा धोका उघडकीस यावयास शतक लागले होते. येथे पाच वर्षे पुरली.

अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक यांना लहानपणापासून हा विकार होता आणि त्यांनी हा किरणोपचारही घेतला. याच अनुभवावर आधारलेली त्यांची कथा १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकात त्यांनी रोग्यासाठी जो शब्द निवडला तो महारोग्याचाच होता. हेब्रा यांनी शास्त्रातून काढून टाकलेला शब्द एकशे पस्तीस वर्षांनंतर रोग्याच्या आत्मकथनात जिवंत होता.

७

‘पुढे माझे काय होणार?’ या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देण्याचे प्रयत्न याच काळातले. डॅनिश वैद्य गुन्नार लोमहोल्ट यांनी फेरो बेटांवरील सुमारे अकरा हजार लोकांची घरोघर तपासणी करून १९६३ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. सोरायसिसचे प्रमाण त्यांना सुमारे २.८ टक्के आढळले. रुग्णालयात येणाऱ्यांवरून काढलेले निष्कर्ष तीव्र रोगाकडे झुकलेले असतात. लोमहोल्ट यांनी जे कधीच वैद्याकडे गेले नव्हते अशांनाही मोजले. १९७४ मध्ये फार्बर व नॉल यांनी ५,६०० रोग्यांना प्रश्नावली पाठवून रोगाचा स्वाभाविक क्रम टिपला. त्यांत सुमारे एक-तृतीयांश रोग्यांनी कुटुंबात इतरांना हा विकार असल्याचे सांगितले, आणि अनेकांनी तो काही काळ पूर्णपणे नाहीसा झाल्याचेही सांगितले. १९८५ मध्ये हेन्सेलर व क्रिस्टोफर्स यांनी चाळिशीपूर्वी सुरू होणारा व चाळिशीनंतर सुरू होणारा असे दोन प्रकार मांडले. त्यांपैकी पहिला अधिक आनुवंशिक व अधिक चिवट असतो.

रोग केवळ त्वचेपुरता आहे हा समजही हळूहळू गळून पडला. सांध्यांच्या विकाराशी त्याचा संबंध फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच लक्षात आला होता. १९६४ मध्ये अमेरिकेतील संधिवातज्ज्ञांच्या संघटनेने सोरायसिसजन्य संधिवात हा स्वतंत्र विकार म्हणून मान्य केला. २००६ मध्ये गेल्फंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील नोंदींवरून दाखविले की, तीव्र सोरायसिस असलेल्यांना, विशेषतः तरुणांना, हृदयविकाराच्या झटक्याचा धोका अधिक असतो. २००७ च्या दुसऱ्या अभ्यासात तीव्र विकार असलेले पुरुष सरासरीने ३.५ वर्षे व स्त्रिया ४.४ वर्षे लवकर मृत्यू पावतात असे आढळले. सौम्य विकारात असा फरक दिसला नाही. अर्थात ‘हा जिवावर बेतणारा रोग नाही’ हे जुने आश्वासन सौम्य रोग्यापुरते खरे ठरले. तीव्र विकाराच्या रोग्याच्या बाबतीत ते दुरुस्त करावे लागले. रक्तदाब, मधुमेह, वजन, धूम्रपान व मनाची उदासीनता यांकडे लक्ष देणे हा तेव्हापासून उपचाराचाच भाग झाला.

दुसरीकडे, दाहाची यंत्रणा उलगडल्यामुळे उपचारांचे सामर्थ्य वाढले. १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिनचा गुण योगायोगाने दिसला आणि विकाराचे मूळ प्रतिकारयंत्रणेत असल्याची खूण पटली. २००४ मध्ये एटानरसेप्ट, २००९ मध्ये उस्टेकिनुमॅब, २०१५ मध्ये सेकुकिनुमॅब अशी नेमक्या रेणूंवर काम करणारी औषधे अमेरिकेत मान्य झाली. भारतात २०१३ मध्ये इटोलिझुमॅबला याच विकारासाठी मान्यता मिळाली. या औषधांनी अनेकांची त्वचा जवळजवळ पूर्ण स्वच्छ होते. परंतु औषध थांबविल्यावर बहुतेकांत चट्टे परततात, आणि खर्च अनेकांच्या आवाक्याबाहेरचा असतो. मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने केलेल्या ठरावात सोरायसिस हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायक, विद्रूपता व विकलता आणणारा आणि समूळ बरा न होणारा रोग असल्याचे नमूद केले. या वर्णनातील ‘असंसर्गजन्य’ हे विशेषण एका अर्थी दोन हजार वर्षांपूर्वीच्या भाषांतराला दिलेले उत्तर आहे.

८

या सर्व इतिहासातून निष्पन्न काय होते? पहिली गोष्ट ही की, रोग्याचे भवितव्य दोन वेळा पालटले. एकदा शब्द वेगळा केल्याने, आणि पुन्हा औषधे सापडल्याने. पहिल्या पालटाला काही खर्च आला नाही. तरी तो होण्यास शतके लागली.

दुसरी गोष्ट कोशकार व भाषांतरकार यांच्याशी संबंधित आहे. संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दाला पाश्चात्य कोशांनी महारोगवाचक पर्याय दिला, आणि त्या पर्यायावरून संहितांची भाषांतरे झाली. मराठीतही ‘कुष्ठरोग’ हा आता केवळ महारोगाचा वाचक आहे. त्यामुळे ‘एककुष्ठ’ किंवा ‘क्षुद्रकुष्ठ’ ही संज्ञा आधुनिक वाचकाच्या, प्रसंगी रोग्याच्या, कानी पडते तेव्हा अलेक्झांड्रियातील चूकच पुन्हा घडते. संहितांतील ‘कुष्ठ’ अनुवादित करताना ‘त्वचाविकार’ असा सामान्य शब्द योजणे, आणि महारोगाचा अर्थ त्या त्या प्रकाराच्या लक्षणांनी सिद्ध होईल तेथेच घेणे, ही पद्धत अधिक प्रामाणिक होय. १८९८ चा महारोग्यांविषयीचा अधिनियम २०१६ मध्ये रद्द झाला, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वैयक्तिक कायद्यांतून वगळले गेले. कायद्याने खऱ्या महारोग्यावरील अन्यायही दूर करण्यास आरंभ केला आहे. कारण तोही रोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो. एका रोगाला दुसऱ्याच्या कलंकातून सोडविताना तो कलंक मुळात त्या दुसऱ्या रोग्याला तरी का लागावा, हा प्रश्न टाळता येत नाही.

तिसरी गोष्ट साध्यासाध्यविचाराची. आधुनिक वैद्यक सोरायसिसच्या रोग्याला आज जे सांगते ते असे : हा विकार समूळ जाईलच असे नाही, तो आटोक्यात राहू शकतो, त्यासाठी उपचार व दक्षता दीर्घकाळ लागेल, आणि तो आटोक्यात असेल तर संसार, नोकरी, सहवास यांत काही उणे पडण्याचे कारण नाही. या एवढ्या मोठ्या आशयाला संस्कृत वैद्यकात एक शब्द होता : ‘याप्य’. सुश्रुताच्या उपमेतील घर टेकूंवर उभे असते, आणि त्यात माणसे राहत असतात. तो टेकू पूर्वी रोग्याला एकट्याने उभा करावा लागे. आज त्याचा काही भार औषधशास्त्राने व काही कायद्याने उचलला आहे. उरलेला भार त्याच्या शेजारी बसणाऱ्यांनी उचलावयाचा आहे.